कोरडी काठी

आमच्या आष्टीत त्या काळी समुद्र पाहिलेली माणसं शोधायची तर दोन सापडली असती. एक फौजेतून परतलेला हवालदार. तो कशाबद्दलच बोलत नसे. दुसरा कापसाचा व्यापारी. त्यानं मुंबईला जाऊन समुद्र पाहिला होता आणि त्याचं मत असं होतं, की "पाणी हाय नुस्तं. तेबी खारं." समुद्र शिकवणारे मात्र गावात एकच होते. ते म्हणजे माझे वडील, हायस्कुलातले भूगोलाचे मास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. दहावीच्या वर्गात पहिल्याच दिवशी ते सांगून टाकत, "मी समुद्र पाह्यला न्हाई. पृथ्वीचा गाभाबी पाह्यला न्हाई. परीक्षेला दोन्ही हायेत."

सागरी लाटांच्या कार्यावर पुस्तकात जेमतेम दोन पानं होती. अण्णा त्यावर आठवडा घालवत. खडू आडवा धरून ते फळ्यावर कडा काढायचे. मग कड्याच्या पायथ्याशी खाच, खाचेची गुहा, गुहा आरपार झाली की कमान, आणि कमानीचं छत कोसळलं की पाण्यात एकटा उभा राहिलेला खांब. सगळं एकाच चित्रात, पुसत पुसत. त्यांचा जीव गुहेत होता. "लाट दगड फोडती असं वाटतं तुम्हाला," ते म्हणायचे. "लाट आत शिरती अन् आतली हवा मागं दाबती. हवेला जायला जागा न्हाई. मंग ती भेगेत घुसती. दगड फोडती ती हवा. अन् आवाज कसा येतो?" सगळा वर्ग बाकावर हात आपटून ओरडे, "ढुम्म!" शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दर वर्षी त्या आठवड्यात रजा टाकत.

या धड्यासाठी एक दगडही होता. राजस्थानात नोकरीला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आणून दिलेला, पिवळसर, विटेएवढा वालुकाश्म. आमच्याकडे दगड म्हणजे काळा फत्तर, घण मारला तर घणच उडतो. या दगडावर नख ओढलं की वाळूचे कण हातात येत. शाळेचे शिपाई बशीरभाई तो नकाशांच्या कपाटात कुलपात ठेवत आणि मोती दाखवावा तसा बाहेर काढत. सुट्टीत तो आमच्या घरी असे. एका मे महिन्यात आत्यानं त्यावर टाचा घासल्या. अण्णा चिडले तेव्हा ती म्हणाली, "समुद्रानं घासला तर भूगोल, मी घासला तर नासधूस, व्हय रे दत्ता?"

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परतली होती. का परतली, हे कोणी तिला विचारत नसे, कारण न विचारताच ती दीड तास सांगे. आमच्या घराचा आवाज म्हणजे तिचा आवाज. सकाळी पिठाच्या गिरणीची पुकपुक सुरू व्हायची, तिच्यावर आत्याचं बोलणं आणि त्या दोन्हींखाली आईच्या भाकरीची थापथाप. येसराची आमटी उकळत असली की गल्लीच्या तोंडापर्यंत कळायचं. अण्णा जेवताना पुस्तक वाचत आणि आमटीत बोट बुडवत. पुढे मी ग्रंथपाल झाले आणि आयुष्यभर लोकांना पुस्तकांवर डाग पाडू नका म्हणून दटावलं. ते दटावताना दर वेळी मला आमच्या घरचा भूगोल आठवे. त्याच्या सत्तराव्या पानावर आमटी होती.

मी दहावीत होते तेव्हा हेडसरांच्या मनात आलं की सहल समुद्रावर न्यावी. खरं तर हे अण्णांच्या मनात अकरा वर्षं होतं, पण हेडसरांच्या मनात येईपर्यंत ते अधिकृत झालं नव्हतं. कापडी फलक रंगवला गेला. त्यावर 'अभ्यास सहल' ही अक्षरं मध्यम, शाळेचं नाव लहान आणि हेडसरांचं नाव मोठं. निघायच्या सकाळी लाल गाडी शाळेसमोर दीड तास उभी राहिली, कारण नारळ फोडणारे पुढारी यायचे होते. ते आले. 'सागरासारखे विशाल व्हा' असं हेडसर आम्हाला म्हणाले आणि स्वतः गावातच थांबले. बत्तीस पोरं-पोरी, अण्णा, बशीरभाई, आणि मुलींबरोबर बाईमाणूस हवं म्हणून आत्या. आई धाकट्या भावाच्या गोवरामुळे घरीच राहिली. आत्यानं दोन दिवस खपून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. त्या डब्यांच्या वासात आम्ही घाट उतरलो.

दुसऱ्या संध्याकाळी घाटाखाली डोंगराआडून चंद्र वर आला, पूर्ण गोल. अण्णा गाडीत उभे राहिले. "बघा, पुनव हाय. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत. उद्या कोणती भरती?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "उधाणाची!" अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ड्रायव्हरलाही तोच प्रश्न विचारला.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला सगळं माहीत होतं.

कोकणातल्या त्या गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सकाळी उजाडताच आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र खूप आत गेला होता आणि ओल्या वाळूवर खेकड्यांची भोकं होती. अण्णा काय म्हणतील याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांनी समुद्राकडे एकदा पाहिलं. मग खाली बसले, पायाखालच्या काळ्या खडकावर हात फिरवला आणि ओरडले, "बशीरभाई! हा तर आपलाच फत्तर!"

"काय सांगता सर! इथपर्यंत आलाय?"

"इथपर्यंत आलाय. अन् याच्यावर बघा."

किनाऱ्याच्या उजव्या टोकाला कडा होता. तळाशी काळा खडक सपाट होऊन ओट्यासारखा पसरलेला, आणि त्याच्यावर दोन-तीन पुरुष उंचीचा पिवळा थर. गावातली माणसं त्या दगडाला करल म्हणत. जुन्या काळची वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्यानं चिकटून दगड झालेली. वाऱ्यानं टेकड्या रचाव्यात तशा तिरक्या रेघा अजून तिच्यात दिसत होत्या. खालचा फत्तर लाटेला दाद देत नाही, वरची करल देते. म्हणून गुहा पडली होती ती या दोघांच्या सांध्यावर. तिचं तोंड टोकाला वळसा घातल्याशिवाय दिसत नव्हतं. काळ्या ओट्यावरून दोनशे पावलं चालत जायचं, मग वळायचं.

पहिल्या दहा जणांना गुहा दाखवून आणून अण्णा दुसऱ्या टोळीला घेऊन निघाले तशी आत्या आडवी आली. "दत्ता, पाण्याशी खेळ न्हाई. काठी रोव आधी."

काठी रोवणं म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. नदीला पूर आला आणि पलीकडे जायचं असलं की पाण्याच्या कडेला काठी रोवायची आणि बसून राहायचं. पाणी काठीवर चढलं तर पूर वाढतो आहे, घरी जा. पाण्यानं काठी सोडली, ती कोरडी पडली, की पूर उतरला. मग उतरतच जातो. वर पाऊस झाल्याशिवाय नदी परत चढत नाही, आणि वर आभाळ आलं तर ते दिसतं. काठीशी बसलेलं माणूस पलीकडच्याला हातानं सांगतं: तळवा वर केला तर चढतंय, तळवा खाली करून दाबला तर उतरलं. आमच्या आज्यांपणज्यांनी याच हिशेबानं बाळंतिणी पलीकडे नेल्या आहेत.

अण्णा हसले, पण बशीरभाईंना म्हणाले, "रोवा." बशीरभाईंनी शाळेतून आणलेली नकाशावर गावं दाखवायची छडी पाण्याच्या कडेला वाळूत खोचली. "सुमे, तू इथं बस," अण्णा मला म्हणाले. "काठीवरची नजर हलवू नको."

मी हलवली नाही. दहा-दहाच्या टोळ्या करून अण्णा पोरांना गुहेत नेत होते. आतून "ढुम्म" असं पोरं स्वतःच ओरडत आणि तो आवाज घुमून बाहेर येई. माझी पाळी पहिल्याच टोळीत होऊन गेली होती. आत ओलसर गार होतं. छतावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं होती. मागे गुहा अरुंद होत वर चढत गेली होती आणि शेवटी एक भेग होती, अण्णा फळ्यावर काढत तशीच, अगदी तशीच. तिच्यावर हात ठेवून ते नुसते उभे होते. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत कालवं, म्हणजे दगडाला धरून राहणारे शिंपले, चिकटलेली होती. "याच्या वर कालवं का न्हाईत?" त्यांनी विचारलं होतं. "पाणी तिथवरच येतं म्हणून," कोणीतरी उत्तर दिलं होतं. शाबासकीही मिळाली होती.

मी बसले होते तेवढ्या वेळात पाणी काठीपासून एक वीत मागे गेलं. मग हातभर. मग जिथं होतं तिथंच थांबलं. काठीच्या बुडाशी वाळू सुकून पांढरी झाली. शेवटची टोळी परत आली. अण्णा टोकाशी उभे राहिले, एकटेच. त्यांना परत आत जायचं होतं. हे मला इतक्या लांबून कळलं, कारण जत्रेतून घरी न्यायचं म्हटलं की मागे मागे पाहणाऱ्या पोरासारखे ते मागे पाहत होते. त्यांनी हात वर करून मला विचारलं: काय?

मी तळवा खाली करून दाबला. उतरलं.

ते वळून गेले. माझं काम झालं होतं. काठी कोरडी होती. मी उठले, फ्रॉकची वाळू झटकली आणि आत्याकडे धपाटा खायला गेले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन धपाटे खाण्याएवढा आणि तिसऱ्यावरून भांडण्याएवढा. मग बशीरभाई म्हणाले, "बेटा, छडी कुठंय?" छडी नव्हती. जिथं ती होती तिथं पाणी होतं, आणि ते वर येतही दिसत नव्हतं, नुसतं प्रत्येक वेळी थोडं अलीकडे असायचं. बशीरभाई धावले. काळ्या ओट्यावर मांडीभर पाणी चढलं होतं. ते टोकापर्यंत पोचायच्या आत लाटेनं त्यांना उचललं आणि वाळूवर आणून टाकलं. ते उठले, परत गेले, परत आपटले. तिसऱ्यांदा जाताना एका कोळ्यानं त्यांना मागून धरलं.

"कुठं चाललास? मरशील."

"सर आत हायेत. छोडो."

"आज उधाण आहे. मास्तरांना कोणी सांगितलान आत जायला?"

मी हात पाठीमागे लपवला. होडी नेता येईल का, असं आत्यानं विचारलं. त्या टोकाशी होडी खडकावर फुटते, तो म्हणाला. मग दोर? कशाला बांधणार? "पाणी उतरलं की चालत येतील. आत उंचावर जागा आहे जराशी." मग त्यानं टोकाकडे पाहिलं. "उधाणाला किती उरते ते कोणी बघितलेलं नाही."

मग आवाज सुरू झाला. ढुम्म. आधी लांबचा वाटला, मग वाळूतून पायाला कळू लागला. ढुम्म. बत्तीस पोरं वाळूवर बसलेली, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तो आवाज म्हणजे काय ते पाठ होतं. लाट आत शिरली. हवा मागं दाबली. हवेला जायला जागा न्हाई. मागं काय आहे? भेग आहे. भेगेशी कोण आहे? इतकं चांगलं शिकवायला नको होतं असं एखाद्या मास्तराविषयी मला त्या एकाच दिवशी वाटलं आहे.

ऊन चढलं. आत्यानं हेडसरांच्या नावाचा फलक दोन वल्ह्यांना बांधून पोरांवर सावली केली. त्या फलकाचा झालेला तेवढाच उपयोग. ती समुद्राला शिव्या देत होती. देवीच्या नावानं नाही, थेट त्यालाच. "मेल्या, किती येशील? पोट हाय का काय तुला?" अधूनमधून ती एकेका पोराला जबरदस्तीनं खाऊ घाले. बशीरभाई ओल्या कपड्यांनिशी पाण्याच्या कडेला उभे होते आणि पाणी जसं सरके तसे एक-एक पाऊल मागे येत होते. मला आठवतं, मी एकटीच काठीच्या जागेकडे पाहत होते. नजर हलवू नको असं मला सांगितलेलं होतं.

दुपारी डोक्यावर ऊन आलं तेव्हा आवाज थांबला.

एक मुलगा हळूच म्हणाला, "गुहेचं तोंड बुडलं की आवाज येत न्हाई. सर म्हणले होते..." आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो शांतपणा दीड-दोन तास चालला असेल. लोक मला म्हणतात, तुम्ही देवाची प्रार्थना केली असेल. मी केली नाही. मी मनात तोच तळवा परत परत वर करत होते. चढतंय, चढतंय.

मग आवाज परत सुरू झाला, आणि बशीरभाई खाली बसून रडले. उन्हं कलल्यावर काळा ओटा पुन्हा दिसू लागला. माणसं जायला निघणार एवढ्यात टोकाला वळसा घालून अण्णाच आले. चालत, हळूहळू, अनवाणी. चष्मा नव्हता. दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, तळवे वर. त्या तळव्यांना कातडी राहिली नव्हती. करलीला धरून बसायचं म्हणजे कानशीला धरून बसायचं. गुडघेही तसेच.

"पोरं मोजली का?" अण्णांनी विचारलं.

"मोजली," आत्या म्हणाली. "एक मास्तर कमी भरत व्हता." आणि मग तिनं त्यांच्या पाठीत एक धपका घातला आणि पदर तोंडात कोंबला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना मी धूसरच दिसले असणार. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बशीरभाईंना म्हणाले, "छडी मी नीट पाह्यली न्हाई. माझी चूक हाय."

परत आल्यावर सोमवारी शाळेत त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. हेडसर त्यांना 'सागरवीर' म्हणाले. गुरुवारी त्याच हेडसरांच्या सहीचं पत्र आलं: विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत झालेल्या हलगर्जीचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. शाल घरी खुंटीवर होती. तिच्याखाली बसून अण्णांनी पत्र वाचलं आणि मला हाक मारली. त्यांच्या हातांना पट्ट्या होत्या. "सुमे, कागद घे. मी सांगतो, तू लिही."

मी लिहिलं. मा. मुख्याध्यापक यांस. विषय. संदर्भ. मग अण्णा सावकाश बोलू लागले, फळ्यावर उतरवून देत तसे. "पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझी होती, व ती मी..." माझा हात थांबला.

"अण्णा..."

"लिही. व ती मी पार पाडली नाही."

"अण्णा, मी..."

"पूर्णविराम दे."

मी पूर्णविराम दिला. चांगल्या अक्षरात. मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालेलं होतं. त्या कागदावर त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली आणि शाळेच्या सहली बंद झाल्या. मी तोंड उघडलं असतं तर एवढंच झालं असतं, की एक बाप खोटा ठरला असता. तेव्हा मी अशी मनाची समजूत घातली. आज ती मला फारशी पटत नाही, पण दुसरी सापडलेली नाही.

तो धडा त्यांनी पुढेही निवृत्तीपर्यंत शिकवला. हात बरे झाले. तळव्यांत मात्र बारीक खडे राहून गेले होते, कातडीखाली पिवळसर ठिपके दिसत. भाकरी मोडताना आत्या म्हणे, "दगड पोटात जाऊ देऊ नको." कोंडलेल्या हवेच्या दाबानं डावा कान गेला तो गेलाच. पोरांना कडा, खाच, गुहा, सगळं ते पूर्वीसारखंच काढून दाखवत. फक्त "आवाज कसा येतो?" हे विचारणं त्यांनी सोडलं. नव्या पोरांना ते कळलंही नसेल. गणिताच्या सरांनी रजा टाकणं थांबवलं.

गुहेत काय झालं, हे मला बशीरभाईंकडून कळलं, तेही एका वाक्यात. कालवांच्या रेघेवर चढून बसलो आणि रेघ बरोबर निघाली, एवढंच अण्णा त्यांना म्हणाले होते.

मी मात्र खूप वर्षं बोलायची तयारी करत राहिले. लग्न झालं, जालन्याला आले, ग्रंथालयात नोकरी लागली. तिथं भरती-ओहोटीवर जे मिळालं ते सगळं वाचलं. ओहोटी संपताना पाणी काही वेळ जागच्या जागी थांबतं आणि मग चढू लागतं, हे त्या पुस्तकांत होतं. ते आमच्या सत्तराव्या पानावरही होतं, आमटीच्या डागाखाली. दर दिवाळीला माहेरी जाताना मी ठरवायची, या वेळी सांगायचं. दर वेळी आत्या बोलत असायची आणि ते राहून जायचं.

शेवटी सांगितलं तेव्हा आत्या राहिली नव्हती आणि अण्णा अंथरुणाला खिळलेले होते. दुपार होती, गिरणीची पुकपुक चालू होती. मी खाटेच्या डाव्या बाजूला, त्या गेलेल्या कानाशी बसले होते. उजव्या बाजूला जागा रिकामी होती, हे मी नाकारत नाही. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी हातानं सांगितलं म्हणून तुम्ही परत आत गेलात."

त्यांचे डोळे मिटलेले होते. ऐकू गेलं नाही असं वाटून मला हायसंही वाटलं. मग ते म्हणाले, "उतरलंच होतं की गं. तू पाह्यलं ते बराबरच होतं."

मी पुढे काही बोलणार होते. पण पांघरुणावरचा हात त्यांनी जरासा उचलला, तळवा खाली केला आणि हळूच दाबला.